अरुंधतीदर्शन

आपल्या शास्त्रकारांनी दृष्टान्तादाखल जे अनेक न्याय सांगितले आहेत, त्यांत अरुंधतीदर्शनन्याय मला सर्वांत सुंदर वाटतो. अरुंधतीचा तारा बारीक. तो एकदम दाखवू गेल्यास पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. म्हणून प्रथम त्याला सप्तर्षी दाखवावेत. मग त्यांच्या शेपटीतील मधला ठळक तारा, जो वसिष्ठ, त्यावर त्याची नजर आणावी व ‘हीच अरुंधती’ असे खुशाल सांगावे. आणि नजर तेथे स्थिर झाली म्हणजे ‘ती नव्हे, तिच्या शेजारची ही’ असे म्हणून त्याला पुढे न्यावे. स्थूलावरून सूक्ष्माकडे जाण्याची ही रीत वेदान्त्यांनी ब्रह्मज्ञानासाठी वापरली. मी ती अलीकडे फोन आणि लॅपटॉप यांच्या बाबतीत वापरू लागलो आहे, याबद्दल वेदान्ती मला क्षमा करोत.

लग्नात सप्तपदीनंतर वराने वधूला ध्रुव व अरुंधती दाखवावी, असा आपल्याकडे विधी आहे. मुहूर्त दिवसाचा असला म्हणजे मंगल कार्यालयाच्या छताकडे बोट करून गुरुजी ‘ही पहा अरुंधती’ म्हणतात, आणि नवरानवरी विजेच्या पंख्याकडे पाहून मान डोलावतात. हा सोहळा मी इतक्या वेळा पाहिला आहे की, आपल्या सुशिक्षित दांपत्यांपैकी खरी अरुंधती कितींनी पाहिली असेल, याचा हिशेब करण्याचे धैर्य मला होत नाही. वस्तुतः ती काही दुर्लभ नाही. चैत्र-वैशाखात रात्री दहाच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे. सप्तर्षी उंच आलेले असतात. वसिष्ठ दुसऱ्या प्रतीचा, अरुंधती चौथ्या प्रतीची. दोघांमधील अंतर चंद्रबिंबाच्या व्यासाच्या निम्म्याहूनही कमी. धड डोळ्यांच्या माणसाला ती दिसते. आणि ज्याला दिसत नाही त्याचे आयुष्य सरत आले, अशी एक जुनी समजूत आहे. या समजुतीचे काम पुढे पडणार आहे.

आकाश पाहण्याचा छंद फुकटचा होय, असे मी कित्येक वर्षे घरी सांगत आलो. पन्नाशी उलटल्यावर सहा इंची आरशाची एक दुर्बीण घेतली, आणि तेव्हापासून ते सांगणे बंद केले. मी महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवितो. गणिताशी माझा संबंध उत्तरपत्रिकेवरील गुणांची बेरीज करण्यापुरता. पुण्यातील आमच्या गच्चीवरून चंद्र आणि तीन-चार ग्रह यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. म्हणून दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत महिन्यातील एखादा शनिवार मी दुर्बीण मोटारीत घालून कामशेत गाठतो. तेथे माझी आत्या राहते. मावळातील शाळांतून तिने पस्तीस वर्षे मुलांना शिकविले, आणि निवृत्त झाल्यावर पुण्याला न येता ती तेथेच राहिली. घरामागे फरसबंदी अंगण आहे, अंगणापलीकडे भाताची खाचरे आहेत, आणि मध्ये दिव्याचा एकही खांब नाही. ज्याला दुर्बीण लावावयाची आहे त्याला याहून अधिक ऐश्वर्य नको.

लोणावळ्याच्या लोकलने जाताना मळवलीच्या आधीचे स्टेशन ते कामशेत. जवळून इंद्रायणी वाहते. नैर्ऋत्येस लोहगड-विसापूर, उत्तरेस नाणे मावळाचे डोंगर. दिवसा येथील टेकड्यांवरून हौशी मंडळी रंगीत छत्र्यांना लोंबकळत हवेत तरंगतात. रात्री आम्ही जमिनीवर पाय ठेवून त्यांच्याहून पुष्कळ दूर जातो. ध्रुव येथे क्षितिजाच्या वर जेमतेम पावणेएकोणीस अंश. मध्ये एखादे आंब्याचे झाड आले तरी तो झाकला जातो. थंडीत पहाटे नदीकडून धुके चढते, दुर्बिणीच्या नळीवर दव साचते, आणि लॅपटॉपला आत्याची जुनी घोंगडी पांघरावी लागते.

फोन दुर्बिणीला जोडण्यात फार मोठी विद्या नाही. आयपीस, म्हणजे ज्याला डोळा लावावयाचा ते भिंग, त्यावर बसणारी एक पकड मिळते. तिच्यात फोन अडकवून त्याचे भिंग आयपीसच्या बरोबर मधोमध आणावयाचे. केसभर इकडेतिकडे झाले की पडद्यावर काळोख. बटण बोटाने दाबले तर सारी दुर्बीण थरथरते, म्हणून दोन सेकंदांनी आपोआप चित्र घेण्याची जी सोय फोनमध्ये असते ती वापरावी. चंद्र दिसताच फोन आपल्या मनाने त्याला इतका उजळवितो की, त्याची पांढरी भाकरी होते. पडद्यावर बोट टेकवून प्रकाश हळूहळू उतरवीत नेला म्हणजे मग विवरांच्या कडा, त्यांच्या लांब सावल्या, सूर्योदयाच्या रेषेवर एकटेच उजळलेले एखादे शिखर, असे एकेक उमटू लागते. तेवढ्यात चंद्र सरकतो. पृथ्वीच्या फिरण्याने आकाश दर सेकंदाला पंधरा विकला पुढे जाते; विषुववृत्ताजवळचा तारा अर्ध्या अंशाचे क्षेत्र दोन मिनिटांत ओलांडतो. ध्रुवाकडचे तारे त्या मानाने सावकाश चालणारे; तेवढेच अंतर काटण्यास वसिष्ठाला साडेतीन मिनिटे लागतात. ऋषी वयाने वडील असल्याचा हा परिणाम असावा.

लॅपटॉपची गोष्ट याच्या पुढची. आयपीस काढून त्याच्या जागी एक लहानसा कॅमेरा बसवावयाचा व तो तारेने लॅपटॉपला जोडावयाचा. शनीकडे दुर्बीण वळविली की पडद्यावर तो दिसतो खरा, पण उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा. कारण मधली हवा सारखी हालत असते. तेव्हा दोन मिनिटे त्याचे चलच्चित्र घ्यावे. त्यात काही हजार चित्रे असतात. हवा क्षणभर स्थिर झाली तेव्हाची निवडक चित्रे लॅपटॉप वेचून काढतो, ती एकमेकांवर बरोबर बसवितो आणि त्यांची सरासरी काढतो. शंभर चित्रांची सरासरी घेतली तर आगंतुक खळबळ एका चित्राच्या मानाने दहावा हिस्सा उरते. मला हे गणित उमगले ते दिंडीमुळे. कामशेतहून इंद्रायणीच्या प्रवाहाबरोबर खाली गेले म्हणजे देहू लागते, आळंदी लागते. दिंडीत शंभर माणसे एकच अभंग म्हणत असतात. कोणाचा आवाज फाटलेला, कोणाला खोकला, कोणी अर्धी ओळ मागे. परंतु खोकला ज्याचा त्याचा वेगळा आणि चाल सर्वांची एक. म्हणून दूरवरून ऐकणाऱ्याच्या कानी चालच तेवढी पोचते.

या खटाटोपाचा लाभ काय, असे कोणी विचारील. पहिला लाभ स्मरणाचा. डोळा पाहतो आणि विसरतो. २०१७ साली शनीची कडी सत्तावीस अंशांनी कललेली होती. पुढे ती वर्षानुवर्षे मिटत गेली, आणि मार्च २०२५ मध्ये तिची केवळ धार पृथ्वीकडे आली. माझी मधल्या काही हिवाळ्यांतील चित्रे मी लॅपटॉपवर एका ओळीत मांडून ठेवली आहेत. पसरलेली ओंजळ हळूहळू मिटत जावी तशी ती दिसतात. गॅलिलिओला १६१० साली शनीच्या दोन अंगांना काही चिकटलेले दिसले व १६१२ साली ते नाहीसे झाले; त्या कोड्याने तो भांबावून गेला. ती सपाट कडी आहे, हे हायगेन्सने १६५९ च्या आपल्या ग्रंथात उलगडून सांगितले. ज्या शनीच्या नावाने आपण दर शनिवारी तेल वाहतो आणि साडेसातीची धास्ती घेतो, तो इतका देखणा आहे हे पाहून आमच्या शेजारच्या एका गृहस्थांची भीती निम्म्याने कमी झाली. तेल मात्र चालू आहे.

आकाशाचे चित्र यंत्राने घेण्याचा हा उद्योग आजकालचा नव्हे. चंद्राचे छायाचित्र १८४० मध्ये निघाले, अभिजित ताऱ्याचे १८५० मध्ये. आणि १८५७ साली अमेरिकेतील हार्वर्डच्या वेधशाळेत जॉर्ज बाँडने जोडताऱ्याचे पहिले छायाचित्र घेतले. तो जोडतारा कोणता, हे वाचले तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. तो आपला वसिष्ठ, आणि काचेवर त्याच्या शेजारी अरुंधती! कारण दुर्बिणीतून पाहिले असता वसिष्ठ हाच मुळी दोन ताऱ्यांचा आहे. पुढे त्या दोघांतील प्रत्येक जण पुन्हा दुहेरी असल्याचे ठरले. २००९ मध्ये अरुंधतीलाही एक अंधुक सोबती सापडला. म्हणजे ज्या जोडप्याकडे बोट दाखवून आपण नवदांपत्याला एकनिष्ठेचा उपदेश करतो, तेथे सहा जणांचे एकत्र कुटुंब नांदते आहे.

महाराष्ट्रालाही या विद्येचा वारसा आहे. पुढे जे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले त्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्रो. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली. तिच्यात वीस इंची आरशाची दुर्बीण होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी ते आपली सामग्री घेऊन सोलापूरकडे जेऊरला गेले आणि सुमारे दोन मिनिटांच्या त्या काळोखात त्यांनी सूर्याच्या प्रभामंडलाची छायाचित्रे घेतली. अमेरिकेतील लिक वेधशाळेची मंडळीही जेऊरलाच उतरली होती. त्याच दिवशी वऱ्हाडात तळणी येथे ॲनी माँडर या बाईंनी एका लहान कॅमेऱ्याने प्रभामंडलाचा दूरवर गेलेला किरण टिपला. लग्न केल्यामुळे या बाईंना ग्रीनिच वेधशाळेतील नोकरी सोडावी लागली होती. पुढचे काम त्यांनी हौसेनेच केले. नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ साली पुण्याची वेधशाळा मिटली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली; परंतु पुण्याची हौस मिटली नाही. १९४४ साली तेथे ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी मंडळींची आपल्या देशातील ही सर्वांत जुनी संस्था. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी तर त्याही आधी आपल्या ‘ज्योतिर्विलास’ या पुस्तकाला ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे दुसरे नाव देऊन ठेवले होते. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. दुर्बीण अंगणात मांडल्यावर तिचा आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हावयास जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. दीक्षितांचा अंदाज चुकला नाही.

आता आक्षेपांकडे वळू. माझे एक स्नेही, जे तत्त्वज्ञान शिकवितात, एका शनिवारी माझ्याबरोबर आले होते. मी तासभर पडद्यात डोके घालून बसलेला पाहून ते म्हणाले, “आपण कामशेतला आलो ते आकाश पाहायला की लॅपटॉप पाहायला? लॅपटॉप तुमच्या घरीही आहे.” आक्षेप बिनतोड आहे. अंधाराला डोळा सरावण्यास वीस-पंचवीस मिनिटे लागतात, आणि पडद्याच्या एका झळीने ती कमाई क्षणात बुडते. मी पडद्यावर लाल जिलेटीनचा कागद लावतो. त्याने हानी कमी होते, टळत नाही. दुसरा आक्षेप सत्याचा. मृगातील तेजोमेघ डोळ्यांना करडा दिसतो आणि चित्रात गुलाबी. यांतले खरे कोणते? गुलाबी हा तेथील हायड्रोजनचा खराच रंग आहे. मंद प्रकाशात आपल्याच डोळ्याला रंग ओळखता येत नाहीत. परंतु यंत्रही नेहमीच साक्षीदार नसते. काही फोन चंद्र ओळखतात आणि जे दिसले नाही ते आपल्या शिकवणीतून भरून काढतात. मुद्दाम पुसट केलेल्या चंद्राच्या चित्रापुढे असा फोन धरला असता त्याने नसलेले तपशील काढून दाखविले, यावर २०२३ साली बरीच चर्चा झाली. परीक्षेत असे करणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही वर्गाबाहेर काढतो.

स्नेह्यांना मी अरुंधतीदर्शनन्याय सांगितला. पडदा हा वसिष्ठ. तो ठळक आहे, चटकन दिसतो, चौघांना एकाच वेळी दिसतो. माझ्याबरोबर कधी विद्यार्थी येतात; आयपीसला डोळा लावून ‘दिसले, सर’ म्हणणाऱ्या मुलाला खरोखर काय दिसले, हे मला कधीच कळत नसे. आता पडद्यावर बोट ठेवून ‘हे कडे, ही मधली काळी फट’ असे सांगता येते. आणि मग पडद्यावर घोंगडी टाकून त्यांना आयपीसकडे पाठविले म्हणजे काय शोधावयाचे ते त्यांच्या डोळ्याला ठाऊक असते. ‘ती नव्हे, तिच्या शेजारची ही’ असे म्हणण्याची वेळ ज्याला कळली, त्याला यंत्राचे भय नाही. स्नेह्यांना हे पटले असे दिसले. आणि मलाही ते पुष्कळ दिवस पटले होते. आत्याने त्याला एक पुरवणी जोडली.

आत्या आता ब्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. समोर जेथे पाहावे तेथे धुरकट डाग, कडेने मात्र बरे दिसते. ज्याचा चेहरा पाहावयाचा त्याच्या कानाकडे ती पाहते. मला आठ-नऊ वर्षांचा असताना सप्तर्षी तिनेच दाखविले, आणि शाळेतल्या किती मुलांना दाखविले असतील त्याला गणती नाही. गेली काही वर्षे तिला अरुंधती दिसत नाही. ती जुनी समजूत तिला अर्थातच माहीत आहे. “माझे तिकीट निघाले आहे,” असे ती हसत म्हणे, “लोकल तेवढी यायची राहिली आहे.” ती हसे, पण चैत्र आला की अंगणात जाऊन उत्तरेकडे मान वर करून ती फार वेळ उभी राही, हे मी पाहिले आहे. दुर्बिणीचा तिला उपयोग नव्हता. आयपीसला डोळा नेमका मधोमध लावावा लागतो, आणि मधोमध तर तिचा डाग.

मागच्या चैत्रात मी वसिष्ठ-अरुंधतीचे एक चित्र सिद्ध केले. काहीशे चित्रांची सरासरी, तारे सुईच्या अग्रासारखे, पाठीमागे निखळ काळे. मोठे करून लॅपटॉपवर तिला दाखविले. तिने मान तिरकी करून पाहिले आणि म्हणाली, “छान आहे. पण असली चित्रे पुस्तकात असतात रे. हे केव्हाचे?” मी म्हटले, “मागच्या शनिवारचे.” “मग आत्ताची दाखव.”

तेव्हा अंगणातून लांब तार ओढून लॅपटॉप ओटीवर आणला, सरासरी-बिरासरी सारे बंद केले, आणि कॅमेऱ्याला जे दिसत होते ते तसेच पडद्यावर सोडले. चित्र ओबडधोबड होते. हवा वाईट होती. तारे थरथरत होते, पसरत होते, पुन्हा आवळत होते. आत्याने पडद्याच्या कडेला नजर लावली आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “लुकलुकते आहे.” पुन्हा थोड्या वेळाने, “वसिष्ठ दोन दिसतात. हा माझ्या डोळ्यांचा दोष का?” “नाही आत्या, ते दोनच आहेत.” “पन्नास वर्षे मुलांना एकच म्हणून शिकवला,” ती म्हणाली, आणि मग, “ही बाजूला, हीच ती.”

जी थरथर मोडून काढण्यासाठी मी हजारो चित्रे घेतो, तिच्याचमुळे आत्याला ओळख पटली. चित्र स्थिर असते, तारा लुकलुकतो. त्या लुकलुकीत ऐंशीहून अधिक वर्षे प्रवास करून आलेला तो प्रकाशही होता आणि शेवटच्या काही मैलांत त्याला हलविणारी आमच्या मावळातील हवाही होती. आणखी एक गोष्ट त्या वेळी माझ्या लक्षात आली. अंधुक तारा पाहावयाचा असेल तर त्याच्याकडे सरळ पाहू नये, किंचित बाजूला पाहावे, असे नवशिक्या ज्योतिर्विदाला पहिल्याच दिवशी सांगतात. कारण डोळ्याचा मध्य मंद प्रकाशाला आंधळा असतो. जी तिरपी नजर मी खटपटीने शिकलो, ती आत्याला दुखण्याने शिकविली होती.

जेवताना तिने विचारले, “खरे सांग, अरुंधती मला दिसली की तुझ्या यंत्राला?” मी म्हटले, “तू पंचवीस वर्षांची असल्यापासून चष्मा लावतेस. तेव्हा तुला दिसत होती की चष्म्याला?” “चष्म्याला तार नसते,” ती म्हणाली, आणि ताक वाढू लागली. तिच्या प्रश्नाला माझ्यापाशी याहून चांगले उत्तर अजूनही नाही. एवढे मात्र खरे की, ज्याचे डोळे शाबूत आहेत त्याने पडद्यावरून आकाशाकडे गेले पाहिजे. ज्याचे नाहीत त्याच्यासाठी आकाश पडद्यावर आणले पाहिजे. न्याय एकच, पण त्याची पायरी माणसामाणसाला वेगळी.

मला अधिक चिंता वाटते ती शाबूत डोळ्यांची. कामशेतच्या अंगणातून दर हिवाळ्यात मी आग्नेय क्षितिजाचे एक साधे चित्र घेतो; जागा तीच, फोन तोच, मापे तीच. पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांची प्रभा त्या चित्रांत वर्षागणिक उंच चढताना दिसते. पूर्वेकडून तळेगाव-चाकण तिला येऊन मिळतात. नाणे मावळाच्या बाजूला काळोख अजून शिल्लक आहे, म्हणून अरुंधतीही शिल्लक आहे. पुण्यात आमच्या गच्चीवरून ती मला दिसेनाशी झाली आहे, आणि माझ्या डोळ्यांना तर अद्याप काही झालेले नाही. ज्याला अरुंधती दिसत नाही त्याचे आयुष्य सरले, ही समजूत आत्याच्या बाबतीत खोटी ठरली, याचा मला आनंद आहे. परंतु एखाद्या साऱ्या शहरालाच ती दिसेनाशी होते तेव्हा त्या समजुतीचा अर्थ काय लावावा, हे मला कळत नाही. उपाय काही अवघड नाहीत. दिव्याला वरून झाकण असावे, प्रकाश रस्त्यावर पडावा, मध्यरात्रीनंतर जाहिरातींचे दिवे मालवावेत. विदर्भातील पेंच व्याघ्रप्रकल्पाने असे उपाय योजले आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याला काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. वाघांसाठी जे होऊ शकते ते माणसांसाठी का होऊ नये?

तोपर्यंत वाचकांनी एवढे करावे. येत्या चैत्रात एखाद्या रात्री मुलांना घेऊन शहराबाहेर जावे. दुर्बीण नसली तरी चालेल. फोनवर आकाशाचा नकाशा दाखविणारी सोय असते, तिच्यावर सप्तर्षी शोधावेत, वसिष्ठ शोधावा. मग फोन खिशात टाकून, डोळे सरावेपर्यंत थोडे थांबावे. घरात कोणी वृद्ध माणूस असेल तर त्याला बरोबर न्यावे आणि अरुंधती कोठे ती त्यालाच विचारावी. ती त्याला दिसत नसली, तरी कोठे असते ते बहुधा ठाऊक असते.